एआयने सुचवलेला कोड-बदल आपल्या रेपोत कसा लावावा

बेळगावच्या उद्यमबागेत यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानाचा बिलाचा प्रोग्रॅम आम्ही सांभाळतो. बिल मराठीत आणि कन्नडमध्ये छापले जाते आणि माल कर्नाटकातीलच खानापूरला जातो तसाच महाराष्ट्रातील कोल्हापूरलाही जातो. या प्रोग्रॅममधील छोटे-मोठे बदल आता एआय साहाय्यकाकडून लिहून घेतले जातात. ते आपल्या संगणकावरील रेपोत, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’ या साधनाने सांभाळलेल्या कोडच्या फोल्डरमध्ये, कसे आणावेत, याची पद्धत याच उदाहरणाच्या आधारे येथे दिली आहे.

साहाय्यकाकडे पूर्ण फाइल मागू नये, डिफ मागावा, म्हणजे काढलेल्या ओळी उणे आणि नव्या ओळी अधिक चिन्हाने दाखवणारी बदलांची यादी. पूर्ण फाइल मागितली की कधीकधी मधल्या एखाद्या फंक्शनच्या जागी ‘बाकीचा कोड पूर्वीप्रमाणे’ अशी टिप्पणी येते आणि फाइल जशीच्या तशी चिकटवणाऱ्याचे ते फंक्शन नाहीसे होते. साहाय्यकाला दाखवलेली फाइल शेवटच्या कमिटमधीलच, म्हणजे गिटमध्ये शेवटी नोंदवलेल्या स्थितीतीलच, असावी. त्यासाठी आधी ‘गिट स्टेटस’ पाहून अर्धवट काम कमिट करावे किंवा स्टॅशमध्ये (तात्पुरते बाजूला) ठेवावे, आणि मगच या बदलासाठी नवी ब्रँच (कोडची वेगळी शाखा) काढावी.

मिळालेला डिफ फाइलमध्ये साठवून, रेपोच्या सर्वांत वरच्या फोल्डरमधून ‘गिट अप्लाय’ ही आज्ञा ‘चेक’ पर्यायासह चालवावी. यात फाइलींना हात लागत नाही, पॅच (म्हणजे हाच डिफ) बसतो की नाही एवढेच कळते. वरच्या फोल्डरचा आग्रह अशासाठी की उपफोल्डरमधून आज्ञा दिल्यास त्याबाहेरील फाइलींचे बदल गिट मुकाट्याने वगळते, आणि यशस्वी झाल्यावरही ही आज्ञा काही छापत नसल्यामुळे दोन्ही प्रसंगी पडदा सारखाच कोरा दिसतो.

पॅच बसला नाही तर दोष बहुधा आकड्यांत असतो. डिफच्या प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर तो कोणत्या ओळीपासून सुरू होतो आणि किती ओळींचा आहे हे लिहिलेले असते, आणि भाषेत पटाईत असलेले हे साहाय्यक ओळी मोजताना बरेचदा चुकतात. ‘रीकाउंट’ पर्याय दिला की गिट त्या आकड्यांवर न विसंबता ओळी स्वतः मोजते. ब्राउझरमधून चिकटवताना टॅबच्या जागी स्पेस आल्या असतील, तर ‘इग्नोर-व्हाइटस्पेस’ हा पर्याय उपयोगी पडतो. मूळ फाइलशी ताडून बदल मिसळणाऱ्या ‘थ्री-वे’ पर्यायावर मात्र येथे भिस्त ठेवू नये, कारण त्यासाठी पॅचमध्ये मूळ फाइलचा खरा हॅश (तिच्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण) लागतो आणि साहाय्यकाने लिहिलेला हॅश अनेकदा मनचा असतो. १९८५ पासूनची जुनी ‘पॅच’ आज्ञा आजूबाजूच्या ओळी थोड्या वेगळ्या असल्या तरी चालवून घेते आणि न बसलेले तुकडे वेगळ्या फाइलीत काढून ठेवते. गिट अप्लाय मात्र एक तुकडा अडला तरी काहीच लावत नाही. अनोळखी हाताच्या पॅचला हा कडकपणाच बरा.

मराठी मजकूर असलेल्या फाइलींत एक खास अडचण येते. ‘भरणाऱ्याचे नाव’ यातील ‘ऱ्या’ दोन प्रकारे साठवता येतो: एकतर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक टाकून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण गिट बाइट तपासते, त्यामुळे पॅच अडतो. किंवा डिफमध्ये हुबेहूब तीच ओळ एकदा उणे आणि एकदा अधिक चिन्हाने दिसते. असे दिसल्यास साहाय्यकाशी वाद घालण्यात वेळ न दवडता ती ओळ पॅचमधून काढावी आणि हाताने दुरुस्त करावी. कायमचा उपाय म्हणून बिलावरील मराठी आणि कन्नड शब्द वेगळ्या भाषा-फाइलींत ठेवावेत. कन्नड ओळी बदलल्या असतील तर त्या कन्नड वाचणाऱ्या सहकाऱ्याकडूनच तपासून घ्याव्यात, अंदाजाने नव्हे.

पॅच बसला म्हणजे बदल बरोबर आहे असे नव्हे. करहिशोबाचा कोड एका फंक्शनमध्ये आणण्याचे काम आम्ही साहाय्यकाला दिले होते. पॅच पहिल्या झटक्यात बसला आणि सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या. पण मराठी शब्दांवरूनच असावे, त्याने विक्रेत्याचे राज्य महाराष्ट्र धरून २७ हा संकेतांक घातला होता. बेळगावच्या दुकानाचा जीएसटी क्रमांक कर्नाटकच्या २९ ने सुरू होतो. त्यामुळे कोल्हापूरला पाठवलेल्या मालावर सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात विक्रीवरील कराचे दोन भाग) आणि खानापूरच्या ग्राहकावर आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातील विक्रीवरील कर) असा उलटा कर लागला असता. १०,००० रुपयांच्या मालावर १८ टक्के आयजीएसटी १,८०० रुपये होतो आणि ९ टक्क्यांचे दोन भागही ९०० अधिक ९०० असे तेवढेच होतात. आमच्या चाचण्या फक्त एकूण रक्कम तपासत होत्या, म्हणून त्यांना काही खटकले नाही. चूक सापडली ती ‘गिट अ‍ॅड’ ‘पॅच’ पर्यायासह चालवून एकेक तुकडा वाचताना. ही आज्ञा प्रत्येक तुकड्यासाठी होकार किंवा नकार विचारते, आणि तो आकडा कोठून आला हे सांगता येईना, म्हणून नकार दिला गेला. आता प्रत्येक कराचा आकडा वेगळा तपासणाऱ्या चाचण्या एका कोल्हापूरच्या आणि एका खानापूरच्या बिलासाठी लिहिल्या आहेत.

नव्याने जन्मलेल्या फाइली ‘गिट डिफ’मध्ये दिसत नाहीत, म्हणून स्टेटसही पाहावे. पॅचमध्ये नव्या लायब्ररीचे नाव आले असेल तर ती खरोखर अस्तित्वात आहे का आणि कोणाची आहे, हे बसवण्याआधी तपासावे. बदल नको असल्यास ‘गिट रिस्टोअर’ने जुन्या फाइली परत येतात, पण नव्या फाइली तशाच राहतात, त्या ‘गिट क्लीन’ने, आधी कोरडी तालीम करून, म्हणजे काय पुसले जाईल ते नुसते पाहून, काढाव्यात.

कमिटच्या संदेशात साहाय्यकाला काय सांगितले होते आणि हाताने काय बदलले, हे दोन ओळींत लिहावे. मुख्य ब्रँचमध्ये मिसळण्याचा दिवसही निवडून घ्यावा: दरमहा विवरण भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणाची नेहमीची मुदत पुढील महिन्याच्या ११ तारखेला असते, म्हणून महिन्याच्या पहिल्या ११ दिवसांत ही ब्रँच आम्ही बाजूलाच ठेवतो आणि १२ तारखेला मिसळतो.