टँट्रम: बोटीमागच्या लाटेवर उलटी कोलांटी कशी उतरवायची

तालमीत जोर-बैठका मारलेल्या कोल्हापूरच्या पोराला वेकबोर्डवर, म्हणजे बोटीला बांधलेला दोर धरून पाण्यावर घसरायच्या फळीवर, ताकद कधी कमी पडत नाही. कमी पडतो तो दम धरणं. टँट्रम म्हणजे लाटेवरून उडून हवेत मागे कोलांटी घ्यायची आणि पलीकडे बोर्डवरच उभं राहायचं. यात बरेच लोक एकाच कारणाने आपटतात: लाटेचा माथा यायच्या आधीच डोकं मागे टाकतात. पुढचं सगळं या एका चुकीभोवतीच फिरतं.

आधी पात्रता. बोर्डच्या टाचेकडच्या कडेवर वजन टाकून, बोटीमागे उठणाऱ्या दोन लाटांपैकी एकीवरून दुसरीच्या उतारावर साधी उडी दहापैकी नऊ वेळा उतरत असेल, तरच कोलांटीचा विचार करा. उडी लाटांच्या मधल्या सपाट पाण्यात पडत असेल तर अजून महिनाभर तीच घोटा. मधल्या पाण्यात उतरताना गुडघ्यांना बसणारा दणका कोलांटीनंतर आणखी जाणवतो.

पाणी आणि बोट

रंकाळ्यावर हे करायचं नाही. फिरायला आलेली माणसं, वल्ह्याच्या बोटी आणि मधूनमधून माजणारी जलपर्णी यांतून ताशी तीसच्या पुढे दोर ओढत नेणं म्हणजे अपघाताला आवतण. कळंबा पिण्याच्या पाण्याचा तलाव, तिथे इंजिनाची बोट नकोच. धरणाच्या जलाशयावर जायचं असेल तर जलसंपदा विभागाची परवानगी आधी कागदावर घ्या. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुने बांध आणि झाडांचे बुंधे पृष्ठभागाखाली हातभरावर येतात, ते वरून दिसत नाहीत. त्यामुळे ज्या पट्ट्यात सराव करणार तो आधी बोट सावकाश नेऊन, काठीने किंवा खोली मोजायच्या यंत्राने तपासा. दोन मीटरपेक्षा उथळ जागा सोडून द्या. पावसाळ्यात नदीपात्राचं नावही काढू नका. पंचगंगेला पूर नसला तरी गढूळ पाण्याखालून ओंडके वाहत असतात.

वेळ सकाळची. दहाच्या सुमारास वारा उठला की पाण्यावर बारीक खळबळ येते आणि लाटेचा माथा फुटायला लागतो.

बोटीचा वेग ताशी ३२ ते ३५ किलोमीटर ठेवा. त्याखाली लाट फेसाळते, मऊ पडते आणि उडवत नाही. दोर साधारण १८ ते २० मीटर, न ताणणारा. रबरासारखा ताणणारा दोर हवेत असताना अचानक झटका देतो. दोर जितका लांब तितक्या दोन लाटा एकमेकींपासून दूर, म्हणून शिकताना तो आखूडच बरा. बोटीवर उंच टॉवर असेल तर दोर तिथे बांधा, ओढ थोडी वरच्या दिशेने मिळते. साध्या बोटीला लाट उठत नसेल तर मागच्या भागात पाण्याच्या पिशव्या किंवा भरलेले कॅन ठेवा. वीस लिटरचा एक कॅन म्हणजे वीस किलो. बोटीच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाच्या मर्यादेत चालकासह सगळी माणसंही मोजायची, हे बरेच जण सोयीने विसरतात.

बोटीत चालकाशिवाय दुसरा माणूस हवाच. त्याने मागे तोंड करून बसायचं आणि फक्त बोर्डवाल्याकडे बघायचं. पडलेला माणूस ठीक असेल तर एक हात वर करतो. हात वर आला नाही की लगेच वळायचं, जवळ गेल्यावर इंजिन बंद.

अंगावर लाइफ जॅकेट कसून बांधलेलं हवं. सैल जॅकेट पडताना हनुवटीवर सरकतं. बाइंडिंग, म्हणजे बोर्डवर पाय अडकवायचे बूट, तेही घट्ट, पण पाय मुंग्या येण्याइतका आवळू नका. एक पाय सुटून दुसरा अडकला तर गुडघा पिरगळतो, म्हणून दोन्ही सारख्याच ताणावर बांधा.

मातीतला सराव

आखाड्याचा खोदून मऊ केलेला हौदा इथे कामाला येतो. आधी खाली बसून उलट्या कोलांट्या, एका खांद्यावरून. मग दोघांनी कमरेचा पट्टा दोन्ही बाजूंनी धरून उभ्याने मागची कोलांटी. पट्टा धरणाऱ्यांनी उचलायचं नाही, फक्त मानेवर पडू द्यायचं नाही. मानेचा पूल (डोकं जमिनीला टेकून अंगाची कमान) घालायची सवय असेल तर मान तयार असते, ही पैलवानाची मोठी जमेची बाजू. तरी मातीत मानेवर उतरायची चाचणी कुणी घेऊ नये.

ट्रॅम्पोलिन मिळाला तर दोराच्या टोकाला धरायचं असतं तसलं एक जुनं हँडल समोरच्या खांबाला कमरेच्या उंचीवर बांधा आणि ते पुढच्या पायाच्या कमरेशी चिकटवून उड्या मारा. आधी फक्त सरळ उडी, हँडल न हलवता. नंतर जाणकाराच्या हाताखाली कोलांटी. पैलवानाच्या हातांना ओढायची सवय. डाव टाकताना समोरच्याला खेचायचं असतं, तसंच तो हँडल छातीकडे खेचतो. ती सवय इथेच मोडायची. हँडल कमरेशी, कोपर बरगडीला लागलेलं, बस.

विहिरीत उलटी उडी जमते म्हणून हे जमेल असं धरू नका. विहिरीत थांबलेल्या जागेवरून मागे झेप घ्यायची असते, लाटेवर तुम्ही आधीच वेगात असता आणि दोर पुढे ओढत असतो. शिवाय कठड्याच्या दगडाला डोकं लागलं तर तिथे कुणी काही करू शकत नाही. पाण्यात सराव करायचाच तर तरणतलावातला सूर मारायच्या फळीचा भाग निवडा, एक मीटरच्या फळीखाली साडेतीन मीटर खोली असलेला.

लाटेवर

डावा पाय पुढे ठेवणाऱ्याने बोटीकडे तोंड केल्यावर उजव्या हाताची बाजू धरायची, उजवा पाय पुढे असेल तर उलट. लाटेपासून तीनेक मीटर बाहेर या. आठ-दहा मीटर बाहेर जाऊन धावून येण्याची हौस सुरुवातीला नको. जास्त वेग म्हणजे जास्त घाई, आणि घाईत डोकं लवकर मागे जातं.

टाचेची कड हळूहळू दाबत या. सुरुवातीला हलकी, लाटेजवळ येताना ठाम. गुडघे थोडे वाकलेले, बैठकीइतके खाली नकोत, कारण पूर्ण बसलात तर उठायला वेळ पुरत नाही. दोर ताणलेला, हँडल पुढच्या कमरेशी.

लाटेच्या पायथ्याशी, शेवटच्या मीटरभरात, बोर्ड सपाट करा. कड सोडून बोर्डच्या पोटावर या. इथेच टँट्रम आणि बॅकरोल वेगळे होतात. कड दाबून ठेवली तर बोर्ड कुशीवर वळतो आणि बाजूची लोळण होते, तीच बॅकरोल, ती वेगळी कसरत आहे. सपाट बोर्ड लाटेचा चढ चढताना नाक, म्हणजे पुढचं टोक, वर उचलतो, जणू कुणी पुढचा पाय उलथतंय.

नाक माथ्यावर येईल तेव्हा दोन्ही पाय सरळ करून लाटेवर ताठ उभे राहा. पुढचा पाय दाबून, छाती वर, नजर समोर. उडी इथे तयार होते. ताठ उभं राहिल्यानंतरच डोकं आणि खांदे मागच्या पायाच्या दिशेने मागे टाका. मधलं अंतर क्षणाचंही नाही, पण क्रम चुकला की सगळं चुकतं. हवेत गुडघे आपोआप वर येतात. मुद्दाम आवळून गोळा होऊ नका, त्याने फिरकी इतकी वाढते की उतरायची जागा निसटते.

पाठीमागचं आभाळ दिसतं, मग पाणी. पाणी दिसेपर्यंत डोकं मागेच राहू द्या. पाणी दिसलं की नजर तिथेच ठेवून गुडघे मोकळे करा, टाचांवर हलकं वजन घेऊन उतरा आणि बोर्डचं नाक बाहेर, लाटेपासून दूर वळवा. पायाच्या बोटांकडच्या कडेवर उतरलात तर कड पाण्यात रुतते आणि तोंडावर पडता.

कसं बिघडतं

अर्ध्यावर खांद्यावर आपटता: फिरकी लवकर सुरू केली, उंची मिळालीच नाही. उपाय एकच, चार-पाच वेळा नुसती सरळ उडी मारा, डोकं हलवूच नका. मग परत कोलांटी.

फिरता फिरता कुशीवर वळता: हँडल कमरेपासून सुटलं. हात लांब झाले की दोर खांदे बोटीकडे ओढतो आणि पाय मागे राहतात. खांबाला बांधलेलं हँडल कमरेशी धरायचा कोरड्या जमिनीवरचा सराव इथे कामाला येतो. पण पाण्यात हँडल किंवा दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, कधीच.

पाठीवर पडता: कोलांटी पुढे गेली. गुडघे आवळले असतील किंवा पाणी दिसल्यावरही डोकं मागेच राहिलं असेल.

तोंडावर किंवा गुडघ्यांवर पडता: फिरकी कमी पडली. बहुतेक वेळा भीतीने मध्येच अंग उघडलेलं असतं. हा सगळ्यात वाईट प्रकार. एकदा सुरू केली की कोलांटी पुरी करायची. मन डळमळत असेल तर ते लाटेच्या आधीच ठरवा आणि साधी उडी मारून पलीकडे जा. त्यात लाज नाही.

एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरे. हाताची पकड ढिली पडली की हँडल सुटतं आणि मान सावरायला वेळ मिळत नाही. डोक्यावर जोरात पडल्यावर डोकं दुखणं, मळमळ, अंधुक दिसणं यातलं एकही जाणवलं तर त्या दिवसाचं पाणी तिथेच संपलं, डॉक्टरकडे जायचं. कानावर आडवं पडल्यावर चक्कर आली किंवा कानातून पाणी-रक्त आलं तर पडदा फाटलेला असू शकतो. डॉक्टरने बघेपर्यंत कान कोरडा ठेवा, तेल घालू नका.