कमी खाताय? निदान या चुका टाळा

इंदूरात राहून सकाळचे पोहे-जिलबी सोडणाऱ्यांचं मला खरंच कौतुक वाटतं. डोकं फिरतं ते पुढच्या वाक्याने: "मॅडम, व्हिटॅमिन्स शरीर स्वतः बनवतंच ना?" बनवतं, पण मोजकीच. त्यातलीही बरीचशी ताटातून कच्चा माल आला तरच.

सगळ्यात जास्त घोळ बी-१२चा. सुदामा नगरचा एक मुलगा, घरचे पक्के शाकाहारी. एकच वेळ जेवायचं आणि दूध-दही-ताक बंद, असं यानं स्वतःच ठरवलेलं. आतड्यातले जीवाणू बी-१२ बनवतात, असं कुठेतरी वाचलेलं. बनवतात खरे, पण मोठ्या आतड्यात. आणि ते शोषलं जातं त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. गाडी सुटल्यावर तिकीट हाती येऊन काय उपयोग? यकृतातला साठा एरवी काही वर्षं पुरतो, पण शाकाहारी घरांत तो बहुधा मुळातच बेताचा. जीभ लालभडक झाली, तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. आईने केमिस्टकडून फॉलिक ॲसिड आणून सुरू केलं, तेही कोणाला न विचारता. त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण बी-१२ कमी असेल तर नसांचं नुकसान चालूच राहतं. शेवटी इंजेक्शनं घ्यावी लागली. तेव्हापासून शाकाहारी माणसाला मी आधी बी-१२ तपासून आणायला सांगते, डाएट चार्ट नंतर. घाई सगळ्यांना चार्टचीच.

तेल-तूप पार बंद करू नका. गाजर-पालकातल्या बीटा कॅरोटिनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, पण ते शोषायला थोडा स्निग्धांश लागतो. मी कोशिंबिरीलाही चमचाभर तेलाची फोडणी देते.

डाळ अर्धी करू नका. साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लातून जेमतेम १ मिलिग्रॅम नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, तयार होतं, आणि ट्रिप्टोफॅन येतं प्रथिनांतून.

बंद काचेआडच्या उन्हात ड मिळत नाही. गच्चीवर जा.

चातुर्मासात साबुदाण्यावर दिवस काढणाऱ्यांनो, साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च. तो पचवून ऊर्जा मिळवायला बी-१ लागतं, त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच, आणि साबुदाण्यात ते नावालाच. दाण्याच्या कुटात मात्र भरपूर असतं. कॅलरीच्या भीतीने लोक नेमकं तेच काढून टाकतात!

आणि बरेच दिवस नुसत्या पाण्यावर राहिलेल्याने उपास सोडायला थेट सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाऊ नये. एकदम गोडधोड पोटात गेलं की रक्तातलं फॉस्फेट घसरतं, उरलंसुरलं बी-१ही संपतं, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टरांना विचारा, मग थोडी थोडी पेज.