चौथ्या स्टेशनपाशी

सुपरवायझर म्हणून माझ्याकडे पहिल्यांदा असेंब्ली लाइन आली, तेव्हा उत्पादन वाढवायचे म्हणजे सगळ्यांना भरभर हात चालवायला लावायचे, एवढीच माझी समजूत होती. पहिला आठवडा मी लाइनभर फिरून घाई करण्यात घालवला. चौथ्या स्टेशनपुढे अर्धवट जोडलेल्या नगांचा ढीग साचला, पाचव्यावरचा ऑपरेटर रिकाम्या हातांनी वाट पाहत उभा राहू लागला आणि रिवर्कचे, म्हणजे सदोष नग पुन्हा दुरुस्त करण्याचे, टेबल मात्र भरून गेले.

हे काम नव्याने हाती घेणाऱ्याने आधी टॅक्ट टाइम, म्हणजे मागणी पुरी करायला किती वेळाने एक नग तयार व्हायला हवा ते, काढावा. आमच्या 480 मिनिटांच्या शिफ्टमधून जेवण आणि चहाची 50 मिनिटे वजा केल्यावर 25,800 सेकंद उरत आणि मागणी 516 नगांची होती. म्हणजे दर 50 सेकंदांनी एक नग उतरायला हवा होता. मी स्टॉपवॉच घेऊन प्रत्येक स्टेशनचा सायकल टाइम, म्हणजे तिथे एका नगाला लागणारा वेळ, दहा-दहा वेळा मोजला. (त्यातली सर्वांत कमी वेळ धरू नये, कोणी मोजतो आहे म्हटले की हात आपोआप भरभर चालतात.) बाकीची स्टेशने 36 ते 47 सेकंदांत उरकत होती, चौथ्याला मात्र 58 लागत होते. बाकीच्यांनी कितीही घाई केली असती, तरी शिफ्टला 444 च्या वर नग निघणे शक्यच नव्हते.

तिथल्या ऑपरेटर बाईंना मी मनातल्या मनात संथ ठरवून मोकळा झालो होतो. त्यांच्या शेजारी अर्धा तास उभा राहिलो, तेव्हा दिसले की स्क्रूंचा बिन पाठीमागे असल्यामुळे त्यांना प्रत्येक नगाला मागे वळावे लागते. "साहेब, शेवटचे दोन स्क्रू सहाव्या स्टेशनवर लावले तरी चालतील, कव्हर तर सातव्यावर बसते," हेही त्यांनीच सांगितले. बिन उजव्या हाताशी आणल्याने चार सेकंद वाचले, दोन स्क्रू पुढे दिल्याने सात. चौथे स्टेशन 47 वर आले आणि 36 सेकंदांचे सहावे 43 वर गेले.

असे काम हलवण्यापूर्वी जोडणीचा क्रम बिघडत नाही ना, हे प्रोसेस इंजिनिअरकडून तपासून घ्यावे आणि स्टेशनवरचा सूचनांचा कागद त्याच दिवशी बदलावा. आम्ही तो बदलायला एक दिवस उशीर केला, आणि दुसऱ्या शिफ्टमध्ये ते दोन स्क्रू चौथ्यानेही लावले नाहीत, सहाव्यानेही नाहीत. त्या रात्रीच्या प्रत्येक नगाचे कव्हर आम्हाला सकाळी उघडावे लागले.