विमा नूतनीकरणाआधी स्वतःची नोंद वाचा

गाडीच्या विम्याचा हप्ता वाढला की आपण कंपनी बदलायला धावतो. त्याआधी परिवहन खात्याकडून आपल्या ड्रायव्हिंगची नोंद मागवा आणि प्रत्येक तारीख बोट ठेवून वाचा. चुकून दुसऱ्याचा दंड आपल्या नावावर चढला असेल तर लगेच लेखी तक्रार करा.

ब्रिटनमध्ये वेगमर्यादा मोडल्याचे दंडगुण, म्हणजे नियम मोडल्याबद्दल नोंदले जाणारे गुण, लायसन्सवर 4 वर्षं राहतात, पण विमा कंपन्या बहुतेकदा 5 वर्षांचा इतिहास विचारतात. लायसन्स कोरं दिसलं तरी जुना गुन्हा लपवू नका. ऐन अपघाताच्या वेळी दावा फेटाळला जाऊ शकतो. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये तर दंडगुणांमुळे लायसन्सचं शुल्कच वाढतं.

बंपरवरच्या ओरखड्यासाठी दावा करताना मात्र दुरुस्तीचा खर्च आणि दावा न केल्याबद्दल मिळणारी, पण आता हातची जाणारी हप्त्यातली सवलत, दोन्ही आकडे कागदावर मांडून बघा.