शैक्षणिक पालकत्व घेतलेल्या मुलाला भेटायला समार बेटावर जाताना

फिलिपिन्सच्या पूर्व किनाऱ्यावरील समार हे त्या देशातील गरीब बेटांपैकी एक आहे, आणि अशा भागांत स्थानिक चर्चच्या आधाराने मुलांचे शिक्षण, जेवण आणि औषधोपचार सांभाळणारे शैक्षणिक पालकत्वाचे, म्हणजे एकेका मुलाचा खर्च दूरच्या देणगीदाराने उचलण्याचे, प्रकल्प चालतात. १९५२ मध्ये सुरू झालेली कम्पॅशन इंटरनॅशनल ही ख्रिस्ती संस्था असे काम स्थानिक चर्चमार्फतच करते. तिने भारतातील काम २०१७ मध्ये परदेशी देणग्यांच्या नियमांमुळे थांबवले, फिलिपिन्समध्ये मात्र ते चालू आहे. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर भारतात आयकरात सवलत मिळत नाही, हे मुंबईतून पैसे पाठवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

भेटीची परवानगी संस्थेच्या कार्यालयाकडूनच घ्यावी, आणि तीही दोन-तीन महिने आधी. थेट प्रकल्पाच्या दारात जाऊन उभे राहणे योग्य नाही. बहुतेक संस्था ओळखपत्रासोबत चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्रही मागतात, ते महाराष्ट्र पोलिसांकडे ऑनलाइन अर्ज करून मिळते आणि त्याला वेळ लागतो. एवढी चौकशी कशासाठी, असे काहींना वाटते, परंतु जी संस्था काहीच न विचारता अनोळखी माणसाला मुलांमध्ये सोडते, तिच्याकडे पैसे पाठवावेत का याचाच फेरविचार करावा.

भारतीय पर्यटकांना जून २०२५ पासून फिलिपिन्समध्ये १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येते; पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी आणि परतीचे तिकीट, राहण्याचे आरक्षण व खर्चाची तजवीज दाखवण्याची तयारी ठेवावी. मनिलाहून विमानाने शेजारच्या लेते बेटावरील ताक्लोबानला उतरावे आणि तेथून सान हुआनिको पुलावरून समारला जावे. ८ नोव्हेंबर २०१३ च्या हैयान चक्रीवादळाने, ज्याला तिथे योलांडा म्हणतात, हाच पट्टा उद्ध्वस्त केला होता. वादळे आणि वर्षअखेरचा मुसळधार पाऊस टाळून फेब्रुवारी-मार्चमध्ये जावे, कारण तेव्हा शाळाही चालू असतात. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात मात्र कार्यालये बंद असतात.

भेटवस्तू साध्या असाव्यात. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात मिळणारे रंगखडू, चित्रकलेच्या वह्या, कंपासपेटी एवढे पुरे, आणि शक्य असल्यास त्या सगळ्या मुलांना वाटता येतील अशा बेताने घ्याव्यात, कारण एकाच मुलाच्या हातात महागडी वस्तू पडली की त्याचा त्रास त्याच्याच घराला होतो. रोख रक्कम मुलाच्या किंवा आईच्या हातात देऊ नये. विशेष मदत करायची असल्यास ती संस्थेमार्फत करावी आणि पावती घ्यावी. स्वतःच्या कुटुंबाची चार छायाचित्रे जरूर न्यावीत. गच्च भरलेल्या लोकलचे चित्र पाहिले की दुभाष्याला फारसे काम उरत नाही.

प्रत्यक्ष भेटीत पहिला अर्धा तास मूल बहुधा गप्पच बसते, आपण त्याला पाठवलेली जुनी पत्रे घातलेली प्लास्टिकची पिशवी मांडीवर धरून आईकडे पाहत राहते. त्याला बोलते करण्याची घाई करू नये, आणि आपल्याकडे पाहुण्यांच्या तोंडी हमखास येणारा ‘किती टक्के मिळाले?’ हा प्रश्न तर मुळीच विचारू नये. तिथली मुले मोठ्यांचा हात स्वतःच्या कपाळाला लावून नमस्कार करतात, तेव्हा हात मागे न घेता पुढे करावा. समारमध्ये बहुतांश लोक वाराय भाषा बोलतात, म्हणून दुभाष्यासाठी वाक्ये लहान ठेवावीत. संस्थेचा कार्यकर्ता सोबत असल्याशिवाय मुलाला बाहेर नेऊ नये, फोन नंबर किंवा पत्ता देऊ-घेऊ नये, आणि गावाचे नाव जोडून मुलाचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकू नये. घरी भात आणि सुकी मासळी पुढे आली तर थोडे तरी खावे. शाकाहारी असल्यास ते कार्यालयाला आधीच कळवावे, म्हणजे त्या माउलीची पंचाईत होत नाही.

प्रकल्प पाहताना भिंतीवरील रंगीत फलकांपेक्षा हजेरीपट, मुलांच्या वजन-उंचीच्या नोंदी आणि स्वयंपाकघर पाहावे. वायडिक, ग्लेवे आणि रटलेज या अर्थतज्ज्ञांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सहा देशांच्या अभ्यासात, ज्यात भारत आणि फिलिपिन्स दोन्ही होते, कम्पॅशनच्या मदतीमुळे मुलांच्या शालेय शिक्षणात एक ते दीड वर्षाची भर पडल्याचे आढळले. म्हणून किती मुले मधूनच शाळा सोडतात आणि का, हा प्रश्न चर्चच्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावा. मदतीसाठी प्रार्थनेला येण्याची अट आहे का, आणि अन्य पंथांच्या मुलांना प्रवेश मिळतो का, हेही विचारावे. हे प्रश्न आपण स्वतः ख्रिस्ती असलो तरी टाळू नयेत. एखादी गोष्ट खटकली तर तिथे वाद घालू नये, तारखेसह टिपून ठेवावी आणि संस्थेच्या बालसंरक्षण अधिकाऱ्याला लेखी कळवावी.