खोक्यावरचं पूर्ण नाव वाचा: साठ हजारांतल्या गेमिंग पीसीची तयारी

पार्ट निवडायला बसण्याआधी एका कागदावर खेळांची नावं लिहा आणि त्याखाली मॉनिटरचं रिझोल्यूशन. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ असे खेळ प्रोसेसरवर जास्त भार टाकतात. मोठ्या नकाशाचे, कथा असलेले खेळ ग्राफिक्स कार्डाला घाम फोडतात. इथे धरलेलं गणित असं: १०८० पी मॉनिटर, बजेट ६०,००० रुपये, आणि त्यात फक्त कॅबिनेट व आतला माल. मॉनिटर, कीबोर्ड-माउस, यूपीएस आणि विंडोजचं लायसन्स यांचे पैसे वेगळे काढून ठेवा. हे खर्च यादीत शेवटी आठवतात आणि मग कात्री एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, चालते.

त्यानंतर किमान तीन दुकानांतून कोटेशन घ्या. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत ते होतं. बाकी गावांत निम्मं काम फोनवर, निम्मं ऑनलाइन. पहिला प्रश्न विचारायचा तो ‘टॅक्ससकट का?’ १८ टक्के जीएसटी वर चढला की ६०,०००चे ७०,८०० होतात. दुसरी अट, प्रत्येक ओळीत कंपनी आणि पूर्ण मॉडेल. ‘ग्राफिक्स कार्ड ३०५०, रॅम १६ जीबी, एसएमपीएस ४५० वॉट’ असं कोटेशन कुणी दिलं तर ते परत करा, कारण या तिन्ही ओळींत काहीही बसवता येतं. कमी बजेटमधली बहुतेक फसगत अशा अर्धवट नावांतूनच होते.

बजेटचा सगळ्यात मोठा वाटा कार्डाचा. साधारण ४० टक्के, म्हणजे २४ हजारांच्या आसपास, त्यासाठी बाजूला ठेवा. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाखाली ८ जीबीचं आणि ६ जीबीचं अशी दोन वेगळी कार्डं विकली जातात. फरक नुसत्या मेमरीचा नाही: ८ जीबीवाल्यात २५६० कोर, ६ जीबीवाल्यात २३०४, आणि मेमरीची बस, म्हणजे माहिती ये-जा करते तो रस्ता, १२८ बिटवरून ९६ बिटवर आलेली. ६ जीबीवालं ७० वॉटमध्ये चालतं, वेगळी पॉवर केबल लागत नाही, म्हणून जुन्या ऑफिस पीसीत बसवायला ते झकास. नव्या बांधणीत मात्र त्याला जागा नाही. आरएक्स ५८०च्या नावातही तशीच गफलत. ‘२०४८ एसपी’ असं शेपूट असलेलं कार्ड प्रत्यक्षात आरएक्स ५७०च्या ताकदीचं असतं. मूळ ५८०मध्ये २३०४ कोर आहेत. आरएक्स ६५०० एक्सटीकडे फिरकूच नका. ४ जीबी मेमरी, पीसीआयईच्या (कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या रस्त्याच्या) चारच लेन, त्यामुळे जुन्या, हळू पीसीआयई ३.० बोर्डावर ते आणखी लंगडतं, आणि व्हिडिओ एन्कोडर नसल्याने स्ट्रीमिंगचा भार प्रोसेसरवर येतो. या बजेटला शोभणारं कार्ड म्हणजे आरएक्स ६६००: ८ जीबी, १३२ वॉट, एकच ८ पिनची केबल. हात थोडा सैल सोडता आला तर आरएक्स ७६०० किंवा आरटीएक्स ४०६०.

सेकंडहँड कार्डात पैसे वाचतात, पण डोळे उघडे ठेवून. इथेरियमचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ला बंद पडलं आणि त्यानंतर मायनिंगमधली कार्डं ढिगाने बाजारात आली. मायनिंग केलेलं कार्ड खराबच असतं असं नाही. पंख्यांची बेअरिंग आणि थर्मल पॅड मात्र थकलेले असतात. बघायला जाताना पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) आणि फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारं) घेऊन जा. आधी जीपीयू-झेडमधला कोरचा आकडा पडताळा. बायोस, म्हणजे कार्डाच्या चिपमधलं मूळ सॉफ्टवेअर, बदलून जुन्या कार्डाला नवं नाव दिलेलं असेल तर ती लबाडी इथे उघडी पडते. मग फरमार्क १५ मिनिटं चालू ठेवा. स्क्रीनवर ठिपके किंवा पट्टे आले, पंखा खरखरला, तर कार्ड टेबलावर ठेवून उठा. मूळ बिल आणि कार्डावरचा सीरियल नंबर जुळत नसेल तर वॉरंटी नाही असंच समजा.

प्रोसेसरसाठी एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय५-१२४००एफ, दोन्ही ६ कोर, १२ थ्रेड. दोघांतही स्वतःचं ग्राफिक्स नाही, डिस्प्ले फक्त कार्डातूनच येतो. म्हणजे कार्ड बिघडून वॉरंटीत गेलं की ते परत येईपर्यंत मशीन अंध. रायझन ५ ५५०० स्वस्त म्हणून पुढे केला जातो, पण त्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ३२ऐवजी १६ एमबी आहे आणि तो पीसीआयई ३.० वरच चालतो, बोर्ड कितीही भारी घ्या. बिनखोक्याचा ‘ट्रे’ माल देत असतील तर वॉरंटी कुणाची आणि किती, हे बिलावर लिहून घ्या. कूलरही त्यासोबत येत नाही.

बोर्ड रायझनला बी५५०, ओढाताण असेल तर ए५२०. आठ लेनच्या आरएक्स ६६००ला ए५२० वर फार फरक पडत नाही. पडून राहिलेला बी४५० स्वस्त मिळाला तर बायोस अपडेट केलेला आहे का ते दुकानातच चालू करून बघा. जुन्या बायोसवर ५६०० चालूच होत नाही आणि अपडेटसाठी जुना प्रोसेसर कुठून आणणार? इंटेलकडे बी७६० बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्यांसाठी दोन जातींत येतो. दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची रॅम बसणारच नाही. जोर लावू नका.

रॅमचे भाव २०२५च्या अखेरीस भडकले, तेव्हा जुन्या यादीतला आकडा धरून बसू नका. घरी जुनी डीडीआर४ असेल तर एएम४ची (रायझन ५६०० बसतो त्या सॉकेटची) वाट धरायला तेवढं कारण पुरेसं आहे. नवी घेताना ८ जीबीच्या दोन, ३२०० मेगाहर्ट्झ, सीएल १६ (सीएल म्हणजे रॅमचा प्रतिसादाचा उशीर, जितका कमी तितका बरा). दुकानदार ‘पुढे वाढवता येईल’ म्हणून १६ची एकच स्टिक सुचवतात, पण एका चॅनेलवर फ्रेम अडखळतात, विशेषतः प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या खेळांत. एसएसडी १ टीबी एनव्हीएमई; नुसतं ‘एम.२’ लिहिलेलं असेल तर तो फक्त आकार झाला, ती हळू चालणारी साटासुद्धा असू शकते.

आता एसएमपीएस. खोक्यावरचा मोठा आकडा विसरा, बाजूचं लेबल वाचा. ‘+१२ व्ही’च्या रकान्याखाली ४५ अँपिअर असेल तर १२ गुणिले ४५, म्हणजे ५४० वॉट, हा खरा ५५० वॉटचा माल. वर ‘४५०’ आणि खाली १६ अँपिअर असेल तर कार्ड-प्रोसेसरला मिळणार १९२ वॉट. आरएक्स ६६०० आणि ५६०० मिळून पूर्ण भाराला दोनशेच्या थोडं वर घेतात, बाकीचे ५० धरा. तरीही ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र असलेला) ५५० वॉट घ्यायचा, कारण कार्ड क्षणभर बरंच जास्त ओढतं आणि हलका एसएमपीएस त्या झटक्याला बंद पडतो. खेळ ऐन रंगात असताना मशीन अचानक रीस्टार्ट होतं ते बहुतेकदा यामुळे. यूपीएस ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॉट. मॉनिटर धरून तो काठावर येतो, १००० व्हीए बरा. आणि चालू मशीनच्या कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर प्लगला अर्थिंग नाही. वायरमनला आधी बोलवा, मशीन नंतर जोडा.

कॅबिनेट पुढून जाळीचं हवं. काचेच्या बंद तोंडाचं, आत चार रंगीत पंखे असलेलं कॅबिनेट फोटोत छान दिसतं आणि मे महिन्यात भट्टी होतं. कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये जुळवून बघा.

जोडणीच्या दिवशी: बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ बोर्डाच्या भोकांइतकेच आणि त्याच जागी, जास्तीचा एक राहिला तर शॉर्ट. प्रोसेसर त्रिकोणाला त्रिकोण जुळवून अलगद ठेवायचा. कूलरला पेस्ट आधीच लावलेली असते, वरून अजून थापू नका. प्रोसेसरची ८ पिन केबल ४+४ची, कार्डाची ६+२ची; दिसायला सारख्या, पण अदलाबदल चालत नाही. रॅम प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. डिस्प्ले आला नाही तर आधी केबल बोर्डाला लावलीय की कार्डाला ते बघा, मग रॅम काढून टिक्क आवाज येईपर्यंत दाबून बसवा. नव्वद टक्के वेळा भानगड तिथेच असते.

चालू झाल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारं सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२००ची रॅम २४०० किंवा २६६६ वर रांगत राहते. एफटीपीएम आणि सिक्युअर बूट ही बायोसमधली सुरक्षेची सेटिंगही चालू ठेवावी लागतात; विंडोज ११ वर व्हॅलोरंट त्यांच्याशिवाय सुरू होत नाही, आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा हाताने निवडा. विंडोज बऱ्याचदा ६० वरच ठेवते आणि लोक महिनोन्‌महिने तसेच खेळत राहतात. बिलाचा आणि प्रत्येक सीरियल नंबरचा फोटो काढा. बोर्डाच्या सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण बोर्डाच्या खोक्यातच ठेवा. इंटेलच्या बोर्डात पिना सॉकेटमध्ये असतात आणि झाकणाशिवाय बोर्ड परत पाठवला तर वाकलेल्या पिनेचं खापर तुमच्यावर फुटतं.