सूड नक्की कुणासाठी? शोकांतिकेतल्या पात्राचा हेतू कसा शोधावा

ठाण्यात पाचपाखाडीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही सात-आठ जण रविवारी सकाळी नाटकं मोठ्याने वाचतो. कुणी बँकेत, कुणी शाळेत, दोघं हौशी नाट्यस्पर्धेत कामं करणारे. गेल्या पावसाळ्यात शेक्सपिअरचं ‘हॅम्लेट’ घेतलं आणि पहिल्याच वाचनानंतर वाद पेटला. डेन्मार्कच्या राजपुत्राला, हॅम्लेटला, बापाचं भूत येऊन सांगतं की काका क्लॉडियसने माझा खून केला आणि तो राजा झाला. मग बापाच्या खुनाचा सूड घ्यायला हा मुलगा एवढा वेळ का लावतो? “मनाचा कच्चा आहे,” असं उत्तर लगेच आलं. मला ते पटलं नाही. मनाचा कच्चा माणूस पडद्याआड चाहूल लागताच तलवार खुपसत नाही आणि समुद्रात चाच्यांच्या जहाजावर एकटा चढत नाही. त्या वादातून वाचनाची एक पद्धत तयार झाली. तालमीआधी नटांना ती उपयोगी पडेल, आणि गडकरी रंगायतनला किंवा वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात एखादी शोकांतिका बघून घरी आल्यावर ज्यांना झोप लागत नाही, त्यांनाही.

सुरुवात वहीपासून करा. एका पात्राला एक पान द्या आणि पानावर दोन रकाने पाडा. डावीकडे ते पात्र सूडाबद्दल जे जे बोलतं ते लिहा. उजवीकडे त्याचा हात प्रत्यक्षात कधी उठतो ते टिपा: कोणता प्रवेश, समोर कोण, नुकतंच काय घडलंय, मारताना तोंडात कुणाचं नाव आहे. वही खुद्द हॅम्लेटकडेही आहे. बापाचं भूत दिसेनासं झाल्यावर तो आधी टिपणवही काढतो आणि माणूस हसत हसत नीच असू शकतो, असं त्यात लिहून ठेवतो. तेव्हा वही काढायला संकोच नको. तोंडाने घेतलेली शपथ आणि प्रत्यक्ष उठलेला हात यांच्यात फरक दिसला, तर मी हाताचं खरं मानतो.

दुसरं काम, जखमेची वेळ शोधा. पात्र नेमकं कधी दुखावलं? भुताने खुनाची गोष्ट सांगितली तेव्हा, असं आपण धरून चालतो. पण भूत भेटायच्या आधीचं, पहिल्या अंकातलं हॅम्लेटचं स्वगत काढून वाचा. खुनाचा त्याला अजून पत्ताही नाही आणि तरी त्याला जगणं नको झालंय. कारण आई. बाप जाऊन दोन महिनेही झाले नाहीत आणि तिने दिराशी लग्न लावलंय. आपल्या भाषेत हे नातं मोठ्याने म्हणून बघा: दीर आणि भावजय. हॉलमध्ये कुणीतरी हे शब्द उच्चारले आणि सगळे गप्प झाले, कारण परक्या राजवाड्यातली भानगड एकदम आपल्या चाळीत येऊन उभी राहिली. दिवसकार्याला रांधलेलं अन्न गारढोण झाल्यावर लग्नाच्या पंगतीत वाढलं, असं हॅम्लेट आपल्या मित्राला, होरेशिओला सांगतो. ते वाक्य डाव्या रकान्यात नक्की लिहा.

म्हणजे भूत येतं ते आधीच दुखावलेल्या मुलाकडे. ते त्याला दोन गोष्टी सांगतं आणि त्या एकमेकींना छेद देतात. खुनाचा सूड घे, पण आईच्या वाटेला जाऊ नकोस, तिचा न्याय देवावर सोड. ज्या माणसामुळे जीव जळतोय त्यालाच हात लावायचा नाही! संहितेतली ही ओळ पेन्सिलीने अधोरेखित करा. पुढचा सगळा उशीर मला इथूनच सुरू झालेला दिसतो.

यानंतर जिथे मारायची संधी असूनही पात्र मारत नाही, तो प्रवेश शोधा. ‘हॅम्लेट’मध्ये तो तिसऱ्या अंकात आहे. क्लॉडियस एकटा, गुडघे टेकून प्रार्थनेला बसलाय. हॅम्लेट मागून येतो, तलवार उपसतो आणि थांबतो. आत्ता मारलं तर हा सरळ स्वर्गात जाईल, म्हणून. आमच्यातल्या बँकेतल्या मित्राला ही निव्वळ सबब वाटली. मी त्याला अजामिळाची आठवण करून दिली. मरताना मुलाला हाक मारली, ती नारायणाची ठरली आणि आयुष्यभराची पापं धुतली गेली. अंतकाळी तोंडात काय होतं यावर गती ठरते, हे आपल्या घरातल्या आज्यांना कुणी शिकवावं लागत नाही. या श्रद्धेने तो प्रवेश वाचला की हॅम्लेटचा विचार भीतिदायक वाटायला लागतो. त्याला नुसता जीव नको, आत्माही नरकात जायला हवा. भुताने एवढं मागितलं नव्हतं. सूड मागितल्यापेक्षा वाढला की उजव्या रकान्यात खूण करा. पुढचा घाव तर आणखी खोल आहे. हॅम्लेट निघून गेल्यावर क्लॉडियस उठतो आणि कबूल करतो की शब्द वर गेले, मन खालीच राहिलं. प्रार्थना लागलीच नव्हती. हे फक्त आपल्याला कळतं, हॅम्लेटला कधीच नाही.

आता दोन्ही रकाने शेजारी ठेवून वाचा. राजाला मारायच्या इराद्याने हॅम्लेटचा हात नाटकात दोनदा चालतो. पहिल्यांदा, त्या प्रार्थनेनंतर लगेच, आईच्या खोलीत. पडद्याआड आवाज येतो, तो तलवार खुपसतो आणि विचारतो, “राजा आहे का?” निघतो राजाचा सल्लागार पोलोनियस. एकटा, पाठमोरा राजा हाती लागला होता तेव्हा हात थांबला. तोच राजा आईच्या खोलीत आहे असं नुसतं वाटलं, तर क्षणही लागला नाही. दुसऱ्यांदा शेवटच्या प्रवेशात. आई विषाचा प्याला पिऊन समोर कोसळते, आपल्या अंगातही विष भिनलंय हे पोलोनियसच्या मुलाकडून, लेआर्टिसकडून कळतं, तेव्हा तो राजाला विषारी तलवारीने भोसकतो, वर तोच प्याला त्याच्या घशात ओततो आणि म्हणतो, आईच्या मागोमाग जा. बापाचं नाव नाही. त्याच प्रवेशात थोडं आधी होरेशिओसमोर त्याने राजाचे गुन्हे मोजलेत: माझ्या राजाला मारलं, आईला बाटवलं, माझी गादी मधल्यामध्ये लाटली, माझ्या जिवावर टपला. तिथेही “माझा राजा” म्हणतो, “माझा बाप” म्हणत नाही. पाचव्या अंकात भूतही येत नाही. माझं म्हणणं एवढंच की शपथ बापासाठी होती, हात उठला तो आईपाशी. तुमच्या वहीत वेगळं निघालं तर प्रवेशाच्या आधाराने तसं मांडा.

पुढची पायरी, सारखीच जखम असलेली पात्रं एका ओळीत उभी करा. लेआर्टिसचाही बाप मारला गेलाय. तो मात्र थेट जमाव घेऊन राजवाड्यात शिरतो, वेळ आली तर देवळातही गळा चिरीन म्हणतो, तलवारीला स्वतःच आणलेलं विष लावतो. आणि मरताना हॅम्लेटला क्षमा करतो, त्याची क्षमा मागतो. नॉर्वेचा राजपुत्र फोर्टिनब्रास, त्याचा बाप हॅम्लेटच्या बापाने द्वंद्वात मारला होता. तो सूड सोडतो आणि शेवटी त्यालाच गादी मिळते. त्याचं सैन्य बघून हॅम्लेट चौथ्या अंकात स्वतःला दोष देतो, ते स्वगत १६०४-०५च्या छापील प्रतीत आहे, शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३च्या संग्रहात नाही. तुमच्या भाषांतरात ते आहे का, आधी बघून घ्या.

ओळ इथे संपली असं वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. मग पोलोनियसच्या मुलीचं, ऑफिलियाचं काम वाचणारी मुलगी म्हणाली, “बाप तर माझाही मेलाय.” खरंच, चौथी जखम तिची आहे आणि तीन मुलगे मोजताना आम्ही तिला विसरलो होतो. तिचा बाप तिच्याच प्रियकराने, हॅम्लेटने मारला, म्हणजे सूड घ्यायचा तर कुणाचा? वेड लागल्यावर ती गाणी म्हणते, फुलं वाटते आणि मध्येच म्हणते, माझ्या भावाला हे कळेल. सूडाबद्दल तिच्या वाट्याला आलेलं वाक्य एवढंच आणि तेही भावाच्या हवाली केलेलं. त्या मुलीने ते अगदी साध्या आवाजात, कुणाला निरोप द्यावा तसं वाचलं. तेव्हापासून मी प्रत्येक नाटकात सूड घ्यायचा हक्कच नसलेल्या पात्रासाठी वेगळं पान ठेवतो.

संहितेच्या नावाकडेही लक्ष द्या. आगरकरांनी १८८३ साली या नाटकाचं मराठी रूपांतर केलं, त्याचं नाव ‘विकारविलसित’. एका शब्दात त्यांनी रोख सांगून टाकला: गोष्ट मनाच्या विकारांची आहे. आम्ही पात्रवाटप करण्यापूर्वी प्रत्येकाला विचारतो, तुझ्या पात्राचा विकार कोणता? उत्तर एका शब्दात हवं.

आणि एखादं पात्र कारणांवर कारणं देत असेल तर ती मोजा. देवलांनी ‘झुंजारराव’ या नावाने मराठीत आणलेल्या ‘ऑथेल्लो’तला इयागो घ्या, सेनापती ऑथेल्लोचा घात करणारा त्याच्याच हाताखालचा माणूस. बढती कॅसिओला मिळाली, हे एक कारण. ऑथेल्लोचं आपल्या बायकोशी काही आहे असा संशय, हे दुसरं. पुढे तोच संशय कॅसिओवरही. एवढी कारणं असूनही कुठलंच पुरेसं वाटत नाही. पकडला गेल्यावर त्याला सरळ विचारतात, का केलंस? तो म्हणतो, यापुढे मी एक शब्दही बोलणार नाही. अशा वेळी आपल्या मनचं कारण शोधून त्याच्या तोंडी घालू नका. त्याच्या पानावरचा तो रकाना कोरा ठेवा आणि कोराच तालमीला घेऊन जा.